मांजराच्या तोंडातून सुटलेली खार



धानाच्या बियाण्याला मिठाच्या पाण्याची प्रक्रिया कशी करावी, हे मी या पानावर पुष्कळदा सांगितले आहे. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ, वर तरंगणारे पोचट दाणे काढून टाकावेत, तळाशी बसलेले चांगले दाणे साध्या पाण्याने दोनतीनदा धुऊन सावलीत सुकवावेत. आज तो विषय नाही. पण आजचा विषय मला अशाच एका प्रात्यक्षिकाच्या वेळी सापडला, म्हणून सुरुवात तिथून करतो.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. मृग लागायला आठवडा होता. कामठ्याला एका शेतकऱ्याच्या अंगणात दहाबारा मंडळी जमली होती. बादलीत बियाणे पडले होते आणि मी हातात झारा घेऊन बोलत होतो. तेवढ्यात सांदवाडीतून घरचे मांजर आले. तोंडात खार. घरातली सहावीत शिकणारी मुलगी ओरडत धावली, तिने खराटा जमिनीवर आपटला, मांजराने खार टाकली आणि ते कवेलूंवर जाऊन बसले. मुलीने खार ओढणीत उचलली आणि माझ्यापुढे धरली. "साहेब, इले काही झालं का, पाहा ना."

मी पाहिले. पाय शाबूत, पाठ सरळ, मानेजवळचे केस थोडे ओले आणि तिथे टाचणी टोचल्यासारखा एक ठिपका. रक्त म्हणाल तर जवळजवळ नाहीच. खार धापा टाकीत होती, पण डोळे उघडे होते. मी म्हणालो, "काही झाले नाही बाळ, नुसती घाबरली आहे. झाडावर सोडून दे." मुलीने तिला कडुनिंबाच्या बुंध्याशी नेले, ती सरसर वर चढली, मंडळी हसली आणि आम्ही पुन्हा बियाण्याकडे वळलो.

तिसऱ्या दिवशी मी बियाणे पाहायला गेलो तेव्हा ती मुलगी ओसरीवर बसली होती. खार त्याच निंबाखाली मरून पडलेली तिला सकाळी सापडली होती. मुलगी रागावली नाही. "तुम्ही तर म्हटलं होतं काही नाही झालं," एवढेच म्हणाली. मला उत्तर सुचले नाही.

मी शेतीचा पदवीधर, जनावरांचा डॉक्टर नव्हे. पण गावात 'साहेब' म्हटले की माणसाने सगळ्याच गोष्टींवर मत द्यावे अशी रीत आहे, आणि आम्हीही ते देऊन मोकळे होतो. त्या दिवशी संध्याकाळी मी माझ्या ओळखीच्या एका पशुधन विकास अधिकाऱ्यांना ही हकीकत सांगितली. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "मांजराने तोंडात धरली होती ना? मग तुम्ही ती सोडलीच कशी?"

त्यांनी मला जे समजावले ते तुम्हांला सांगतो, कारण तुम्हांला ते माझ्यापेक्षा लवकर समजेल. तुमच्या गोठ्यातला घटसर्प तुम्हांला ठाऊक आहे. पावसाळ्यापूर्वी म्हशीला त्याची लस टोचून घ्या म्हणून पशुसंवर्धन खाते दरवर्षी सांगते. सकाळी चारा खाल्लेली म्हैस संध्याकाळी गळ्याला सूज येऊन घुरघुरते आणि कधी कधी दुसरा दिवस पाहत नाही. हा रोग ज्या जंतूमुळे होतो त्याचे नाव पाश्चुरेला मल्टोसिडा. १८८० च्या सुमारास लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाने कोंबड्यांच्या कॉलऱ्यावर लस शोधली, तो कॉलराही याच जंतूचा. त्याच्यावरूनच जंतूला हे नाव पडले. हाच जंतू बहुतेक धडधाकट मांजरांच्या तोंडात राहतो. मांजराला त्याचा काही त्रास नसतो. अर्थात मांजराच्या तोंडातला प्रकार वेगळा आणि म्हशीच्या घटसर्पाचा वेगळा, तेव्हा मांजर गोठ्यात फिरले म्हणून म्हशीला घटसर्प होईल अशी भीती कोणी घेऊ नये.

आता मांजराचा दात पाहा. कुत्र्याचा दात फाडतो, जखम मोठी दिसते, रक्त वाहते आणि आपण धावपळ करतो. मांजराचा सुळा सुईसारखा बारीक. तो कातडीतून आत जातो, बरोबर लाळ नेतो आणि बाहेर येतो. कातडीचे भोक लगेच मिटते. वरून पाहणाऱ्याला केसांत काही दिसत नाही, आत मात्र इंजेक्शन दिल्यासारखे जंतू पेरलेले असतात. खारीचे वजन ते किती, शंभर ग्रॅमच्या आसपास. एवढ्याशा जिवाच्या रक्तात जंतू पसरायला वेळ लागत नाही. एकदोन दिवसांत, फार तर तीन दिवसांत खेळ आटोपतो. पक्ष्यांचेही तसेच. म्हणजे मी 'काही झाले नाही' म्हणालो तेव्हाच तिचे मरण सुरू झाले होते, आणि तिला वाचविण्याचा जो एक दिवस आमच्या हातात होता तो मी झाडावर सोडून दिला.

म्हणून एवढी गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी : मांजराच्या तोंडातून सुटलेला प्राणी वा पक्षी कितीही ठणठणीत दिसो, जखम दिसो वा न दिसो, त्याला त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरकडे न्यावे. त्याला जंतुनाशक औषध, म्हणजे अँटिबायोटिक, लागते. घरगुती इलाजाने हे काम होत नाही. आपण घरी करायचे ते डॉक्टरकडे पोचेपर्यंतचे.

प्रथम मांजराच्या तोंडातून प्राणी ओढू नये. ओढाताणीत कातडी फाटते आणि मांजर दात आणखी रुतवते. टाळ्या वाजवाव्यात, जवळ पाणी असेल तर मांजरावर शिंपडावे, बहुधा ते टाकून पळते. मग मांजराला खोलीत कोंडावे, नाहीतर ते परत येते. जमिनीवरच्या प्राण्यावर जाड फडके किंवा टॉवेल टाकून त्यासकट उचलावे. नुसत्या हाताने उचलू नये. घाबरलेली खार कडकडून चावते, आणि ते तिचे चुकत नाही. खारीला शेपटीने कधीच धरू नये, शेपटीची कातडी सोलून हातात येते. पक्षी धरताना छातीवर दाब देऊ नये. पक्ष्याची छाती हलली नाही तर त्याला श्वासच घेता येत नाही. मुले प्रेमाने पाखरू घट्ट धरतात आणि ते हातातच जाते, हे मी पाहिले आहे.

जोड्याचे किंवा साबणाचे पुठ्ठ्याचे खोके घ्यावे. प्राणी आत ठेवण्याआधी खिळ्याने भोके पाडावीत, नंतर नव्हे. तळाशी जुन्या लुगड्याचे मऊ सुती फडके घालावे. सुटे धागे असलेले कापड नको, नखे अडकतात. खोके बंद करून अंधाऱ्या, शांत जागी ठेवावे. रेडिओ, टीव्ही, कुत्रे आणि पाहायला येणारी शेजारपाजारची मुले, सगळ्यांना दूर ठेवावे. आपल्याला वाटते कुरवाळले म्हणजे त्याला धीर येईल. रानातल्या जिवाला माणसाचा हात म्हणजे दुसरे मांजरच. दर पाच मिनिटांनी झाकण उघडून 'जिवंत आहे का' पाहणारे तर घरोघरी असतात, आणि त्यांत मोठी माणसे अधिक.

उबेविषयी. मार खाल्लेला लहान जीव लवकर थंड पडतो. आपल्याकडे पौषातली थंडी असो की श्रावणातली झड असो, बाटलीत कोमट पाणी भरून, ती फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवावी, म्हणजे नको वाटले तर प्राण्याला दुसरीकडे सरकता येते. चुलीजवळ खोके ठेवू नये. वैशाखात मात्र बाटलीची काही गरज नाही. तेव्हा गोंदियाच्या उन्हात आपणच भाजून निघतो, खोके माठाजवळच्या गारव्यात ठेवावे.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडक्याने चारपाच मिनिटे हलकेच दाबून धरावे. जखम मातीने भरली असेल तर अर्धा लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात चहाच्या चमच्याने एक चमच्याला थोडे कमी मीठ विरघळवून त्याने फक्त जखमेवर धार सोडावी आणि टिपून घ्यावे. सबंध प्राणी भिजवू नये. पंख लोंबत असेल तर तो बांधायच्या भानगडीत पडू नये, खोक्यात पक्षी शांत बसला की पुरे.

आता काय करू नये ते जरा विस्ताराने सांगतो, कारण आपल्या घरांत इलाज फार आणि धीर थोडा. हळद, चुना, तपकीर, रॉकेल, बैलाच्या खांद्याला लावायचे मलम, यांपैकी काहीही जखमेवर लावू नये. तेलकट मलमाने पक्ष्याची पिसे चिकटतात आणि ऊब जाते. डेटॉल तर नकोच. तोंडात दूध ओतू नये. हा आजीचा सर्वांत आवडता इलाज. गाईचे दूध खारीच्या वा पाखराच्या पोटाला मानवत नाही, आणि धापा टाकणाऱ्या जिवाच्या तोंडात काहीही ओतले तर ते श्वासनळीत जाते. पाणीसुद्धा ओतू नये. जीव मोठा आणि सावध असेल तर बाटलीच्या झाकणात थोडे पाणी खोक्यात ठेवावे, हवे तर तो पिईल. डॉक्टरांना दाखवेपर्यंत खायला देऊ नये.

घरात उरलेल्या गोळ्यांचा मोह टाळावा. ६० किलोच्या माणसाची एक गोळी म्हणजे नुसत्या वजनाच्या हिशेबाने खारीसाठी तिचा सहाशेवा भाग. तो कोणी कसा मोडणार? शिवाय प्रत्येक प्राण्याला प्रत्येक औषध चालत नाही. पेनिसिलीनच्या कुळातली औषधे पोटात गेली तर सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि ससा दगावतो. तापाची पॅरासिटामोलची गोळी खुद्द मांजराला विष आहे. तेव्हा औषध कोणते, किती आणि तोंडाने की टोचून, हे डॉक्टरांवर सोडावे.

दवाखान्यात गेल्यावर पहिले वाक्य हेच बोलावे : 'मांजराने धरली होती.' खार पडली, खार आजारी आहे, असे सांगितले तर डॉक्टर हाड मोडले का ते पाहतील आणि तो ठिपका राहून जाईल. किती वाजता धरली तेही सांगावे. आणखी एक गोष्ट विचारल्याशिवाय सांगावी. घरात किंवा बांधीत उंदरांसाठी औषध ठेवले होते का? ब्रोमॅडिओलोनसारखे विष खाल्लेला प्राणी आधीच मलूल असतो आणि म्हणूनच मांजराला अलगद सापडतो. तसे असेल तर उपचार बदलतो. एका दवाखान्यात मला 'खारीसाठी केसपेपर काढायचा का?' असे हसत विचारले गेले. काढा म्हणालो. त्यांनी काढला. आपण लाजू नये.

दवाखाना बंद असेल, रविवार असेल, तर पशुसंवर्धन खात्याच्या फिरत्या पथकासाठी १९६२ आणि वनखात्यासाठी १९२६ हे विनाशुल्क क्रमांक आहेत. आपल्या बीटाचे वनरक्षक गावाला ओळखीचे असतातच, त्यांनाही कळवावे, आणि हे नुसते सोयीसाठी नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे जखमी वन्य प्राणी आपल्या ताब्यात आला तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवावे लागते. बरा झाला म्हणून पिंजऱ्यात ठेवून घेता येत नाही. पोपटाचा पिंजरा ओसरीवर टांगणाऱ्यांनीही हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे. मोठा प्राणी असेल, दुखापत भारी असेल, तर वनखातेच त्याला नागपूरला सेमिनरी हिल्सवरच्या आपल्या उपचार केंद्रात नेऊ शकते. पण खारीला नागपूरपर्यंत वेळ नसतो. तिला पहिले इंजेक्शन जवळच्या दवाखान्यातच मिळाले पाहिजे.

माणसांविषयी सांगायचे राहू नये. या गडबडीत मांजराने तुम्हांला चावले वा ओरबाडले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पुरी १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. रेबीज मांजरापासूनही होतो, मुंगसापासूनही होतो. चुना, मिरची लावून घरी बसू नये. खार आणि उंदीर यांच्यापासून माणसाला रेबीज झाल्याचे सहसा आढळत नाही, तरी धुणे आणि धनुर्वाताच्या सुईबद्दल विचारणे चुकवू नये. मांजराच्या चाव्याने हात काही तासांत लाल होऊन सुजू लागला तर समजावे की तोच मघाचा जंतू आपल्यातही कामाला लागला आहे. डॉक्टरांना ताबडतोब दाखवावे. वटवाघूळ जखमी दिसले तर त्याला नुसता हात लावूच नये, वनखात्याला बोलवावे.

घरट्यातून पडलेल्या पिल्लाची गोष्ट निराळी. मांजराने स्पर्शही केलेला नाही, जखम नाही, अंग गरम आहे, तर त्याला दवाखान्याची नव्हे, आईची गरज असते. लहानशा टोपलीत फडके घालून पिल्लू त्यात ठेवावे, टोपली त्याच झाडाला मांजर पोचणार नाही अशी बांधावी आणि आपण लांब व्हावे. माणसाचा वास लागला की आई टाकून देते, ही समजूत खरी नाही. खारीण येऊन पिल्लू तोंडात धरून नेते. मात्र मांजराने तोंडात धरलेले पिल्लू असेल तर आधी डॉक्टर, मग आई.

आता तुमच्यापैकी कोणी म्हणेल, साहेब, खार माझे पेरू कुरतडते, एक मेली तर मेली. हे मला तोंडावर ऐकविलेही आहे. पेरू कुरतडते हे खरे. पण मांजर निवडून धरीत नाही. आज खार, उद्या नांगरामागे चालून किडे टिपणारी साळुंकी, परवा पडक्या भिंतीतला पिंगळा, जो रात्रभर उंदीर आणि नाकतोडे मारतो. औषधपाण्याचा मार्ग सगळ्यांना एकच. शिवाय बांधीत सारसाचे घरटे दिसले तर तेवढा धान न कापता सोडून देणारे शेतकरी आपल्याच जिल्ह्यात आहेत. त्यांनी त्या धानाचा हिशेब केला नाही असे थोडेच आहे!

मांजराला मात्र दोष देऊ नका. धानाच्या ढोलीजवळ मांजर नसेल तर काय होते ते मी सांगायला नको. पोट भरलेले मांजरही शिकार करते, तो त्याचा स्वभाव आहे. आपण एवढे करू शकतो की घरट्यांच्या दिवसांत पहाटे आणि तिन्हीसांजेला मांजर कोठीघरात बंद ठेवावे. उंदीरही तिथेच असतात, त्याला काम मिळते. आणि पशुवैद्यकाकडून त्याचे संततिनियमन करून घ्यावे. वर्षाला दोन वेती पिल्ले वाढली की त्यांना ढोलीतले उंदीर पुरत नाहीत, मग ती सांदवाडीकडे वळतात.

कामठ्याच्या त्या मुलीकडे मी पुन्हा जाऊन माझी चूक सांगितली, आणि वर लिहिले ते सगळे तिला सांगितले. तिने पुठ्ठ्याचे एक खोके भोके पाडून खुंटीला टांगून ठेवले. पुढच्या हिवाळ्यात बुलबुलाचे पोर आले, ते दवाखान्याच्या वाटेवरच गेले. असे पुष्कळ जातात. औषध वेळेवर मिळूनही जातात, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे. त्यानंतर होळीच्या सुमारास मांजराने पुन्हा खार धरली. मुलीचा बाप सायकलच्या हँडलला खोके लावून तासाभरात दवाखान्यात पोचला. त्याच दिवशी सुई टोचली, पुढे पाच दिवस औषध झाले, वनरक्षकांना कळवून खार तिथवर घरीच ठेवली. दहाव्या दिवशी सकाळी, मांजर कोंडून, तिला त्याच कडुनिंबावर सोडले. या वेळी मी अंगणात नव्हतो. मुलीने मला फोन करून सांगितले आणि वर विचारले, "साहेब, आता पेरू खाल्ले तर काय करू?"

पेरूच्या फळांना जुन्या पातळ कापडाच्या पिशव्या बांधाव्यात. फळ सुपारीएवढे झाल्यावर बांधल्या तर फळमाशीपासूनही बचाव होतो. त्याविषयी सविस्तर पुढच्या अंकात.